दवाखान्यातून घरी येण्यापासून धरून उभी राहीपर्यंत: कन्व्हर्टिबल कार सीटचा अनुभव

कन्व्हर्टिबल, म्हणजे आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून लावता येणाऱ्या सीटच्या खोक्यावर ‘जन्मापासून चार वर्षांपर्यंत’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्यातली नंतरची वर्षं कुठलीही बरी सीट काढते. कस लागतो तो पहिल्या तीन महिन्यांत. आमची लेक आता धरून उभी राहते, आणि दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून ही सीट वापरात आहे. राहायला पुण्यात, माहेर कोल्हापूरला, गाडी जुनी हॅचबॅक. आयसोफिक्स, म्हणजे बालसीट अडकवायला गाडीतच बसवलेल्या कड्या, नाहीत, त्यामुळे सगळा कारभार गाडीच्या सीटबेल्टवर.

सीट युरोपच्या आर४४/०४ मानकाची, गट ०+ आणि १. म्हणजे मागे तोंड करून १३ किलोपर्यंत, पुढे तोंड करून ९ ते १८ किलो. गाडीत आयसोफिक्स असतं तर नव्या आर१२९ मानकाची, म्हणजे आय-साइझ सीट घेतली असती. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते, जुन्या मानकात ती नाही. कुठलीही घ्या, पण सीटच्या पाठीवर केशरी स्टिकर आणि त्यावर गोलात ‘ई’ व शेजारी आकडा आहे ना, ते बघा. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. ऑनलाइन दिसणाऱ्या कित्येक गोंडस सीटांच्या फोटोंत हे स्टिकर कुठेच सापडत नाही. त्या मी यादीतूनच काढल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे वर्णनात कुणी लिहीत नाही: गाडीचा बेल्ट पुरतो का? सीट मागे तोंड करून बसवताना बेल्टचा खालचा भाग बाळाच्या पायांकडून जातो आणि वरचा भाग पूर्ण पाठीमागून वळसा घेतो. छोट्या गाड्यांत बेल्ट संपतो आणि बकल चार बोटं लांबच राहतं. आम्ही पाहिलेल्या दोन सीटांचं असंच झालं. तिसऱ्या दुकानदाराने सीट खाली पार्किंगमध्ये आणून लावून बघू दिली, म्हणून ती घेतली. बेल्टची वाट दाखवणाऱ्या खाचा मागे तोंडासाठी निळ्या, पुढे तोंडासाठी लाल असतात. लावून झाल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवायची. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा गुडघा रोवून बेल्ट ओढायचा. नवऱ्याला घाम फुटतो, पण जमतं.

दुसरी गोष्ट कोनाची. नवजात बाळाला मान धरता येत नाही. सीट जास्त उभी असली की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून साधारण ४५ अंशांचा कल लागतो. आमच्या सीटच्या बाजूला एक रेघ आहे, ती जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. पण गाडीचं मागचं आसनच उतरतं असल्याने ती सहज येत नव्हती. माहितीपुस्तिकेत परवानगी होती म्हणून टॉवेलची घट्ट गुंडाळी खाली सरकवली. पुस्तिकेत नसेल तर हा उद्योग करू नका. तरीही तेव्हा मी मागे तिच्या शेजारीच बसायचे, आणि कोल्हापूरला जाताना दोन तासांच्या आत गाडी थांबवून तिला बाहेर काढायचो.

तिसरं, खांद्याचे पट्टे. मागे तोंड असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. आपल्याकडची बाळं अडीच-तीन किलोंची, त्यामुळे सगळ्यात खालची खाच कितीवर आहे हे बघून घ्या. आमच्या सीटमध्ये नवजात गादी घातल्यावर कसंबसं जुळलं.

सासूबाईंचं म्हणणं, “एवढंसं ते, मी घेते की मांडीवर!” ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत पाच किलोचं बाळ क्षणभर शंभर किलोंहून जास्त ओढ देतं, कुणाचेही हात पुरणार नाहीत, हे नवऱ्याने समजावलं. मग त्यांचा दुसरा मुद्दा आला: दुपट्यात गुंडाळल्याशिवाय कसं न्यायचं? तर गुंडाळून नेता येतच नाही, कारण मधला पट्टा पायांमधून येतो. झबल्यावर पट्टे आवळायचे, गळ्याच्या हाडाजवळ चिमटीत पट्टा येत नाही ना ते बघायचं, आणि मग वरून दुपटं घालायचं. जाड कुंचीही नको. मागचा जाडसर भाग डोकं पुढे ढकलतो.

तक्रारी आहेतच. उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू असा तापतो की बसवण्याआधी हात लावून बघावाच लागतो. पाठीला घाम येतो. कव्हर काढायला पट्टे सोडवावे लागतात, तेव्हा आधी फोनवर फोटो काढून ठेवा. पट्टे पाण्यात बुडवायचे नसतात, ओल्या फडक्याने पुसायचे. सीट डावीकडे लावली, म्हणजे बाळ फुटपाथच्या बाजूने काढता येतं, पण पुढची सीट इतकी सरकवावी लागली की सासऱ्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आता त्या जागेवर सासूबाई बसतात. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड करून बाळ कधीच ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

लेक ९ किलोंची झाली, तेव्हापासून “पाय दुमडतात बिचारीचे, फिरवा आता सीट” सुरू झालंय. फिरवणार नाही. पाय दुमडून ती मजेत बसते. मागे तोंड असलं की धडकेत मान जपली जाते, ते महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन ११.५ किलो आहे, त्यामुळे १३ किलोंची मर्यादा दोन वर्षं तरी सहज पुरेल. डोकं सीटच्या कडेच्या वर आलं तर मात्र आधीच थांबायचं.

मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं: १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तर हजार रुपये दंड. आम्हाला अजून कुणी अडवून विचारलेलं नाही.

एक गोष्ट खटकते ती ही की झोपलेल्या बाळाला सीटसकट उचलता येत नाही. पट्टे सोडले की डोळे टक्क उघडे. कॅबने जास्त फिरणारे असाल, किंवा बाळ वेळेआधी जन्मलेलं, अगदी लहान असेल, तर आधी हँडलवाली बकेट सीट घ्या आणि कन्व्हर्टिबल नंतर बघा. स्वतःची गाडी असेल आणि एकदाच खर्च करायचा असेल, तर हीच. फक्त दुकानात जाताना गाडी घेऊन जा.