ह्युएनत्संग आधी की अल्-बेरूनी?

परक्या प्रवाशांच्या नजरेतून जुना भारतीय समाज वाचायचा म्हणून बहुतेक जण काळाच्या क्रमाने मेगॅस्थेनीसपासून सुरुवात करतात आणि तिथेच कंटाळतात. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या या ग्रीक वकिलाचा मूळ ग्रंथच हरवलाय. उरलेत ते स्ट्रॅबो, एरियन वगैरे नंतरच्या लेखकांनी दिलेले तुकडे. पाटलीपुत्राच्या तटाला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज होते हे वाचताना मजा येते, पण शेजारीच सोनं उकरणाऱ्या मुंग्या भेटतात. त्याला नंतर घ्या. इ.स. ३९९ मध्ये चीनहून निघालेला फाहियान एका बैठकीत संपतो. नगरात शिरताना चांडाळ लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना देतात, हे त्याचं निरीक्षण मात्र मनातून जात नाही.

खरी निवड उरते दोघांत.

चिनी भिक्षू ह्युएनत्संग (प्रवास ६२९ ते ६४५) म्हणजे पायी हिंडलेला माणूस. नालंदा, कनौजच्या हर्ष राजाचा दरबार, वाटेतले लुटारू, सगळं त्याच्याकडे आहे. मराठी वाचकाला तर तो चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात घेऊन येतो: इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकी कपडे देतात, लढाईआधी हत्तींनाही दारू पाजतात. (हे वाचून कॉलर ताठ करण्याआधी पुढचं वाक्य वाचा.) हा भिक्षू बौद्ध, आणि हर्षाने त्याचा मोठा मान राखलेला, त्यामुळे हर्षाची स्तुती बेतानेच घ्यावी.

मध्य आशियातून आलेला विद्वान अल्-बेरूनी फार फिरलाच नाही. त्याची मजल पंजाबच्या आसपासची. पण तो संस्कृत शिकला, ग्रंथ वाचले, पंडितांशी वाद घातले, आणि १०३० च्या सुमारास भारतावर ८० प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. महमूद गझनवीच्या पदरी असूनही त्याच्या स्वाऱ्यांनी इथली भरभराट धुळीला मिळाली, असं तो स्पष्ट लिहितो. वर्णांबाहेरच्या आठ व्यवसायांची यादी देताना परीट, चांभार आणि विणकर यांच्याशी बाकीचे सोयरीक करत नाहीत, हेही टिपतो. एवढ्या बारकाईने ह्युएनत्संग पाहत नाही.

गोष्टी हव्या असतील तर ह्युएनत्संग. जात, लग्न, वारसा यांचे नियम कळायला हवे असतील तर अल्-बेरूनीच. मी त्यालाच आधी घेईन. त्याच्या ग्रंथाचं साखाऊने केलेलं इंग्रजी भाषांतर दोन खंडांचं आहे. सलग वाचायला जाऊ नका, पंचांगाच्या गणितात दम निघतो. आधी पहिलं प्रकरण, मग थेट नववं, जातींवरचं.