दिंडीसाठी 'डिजिटल' वॉकीटॉकी घेतले आणि १५,६०० चा चुना लागला

२०२५ च्या वारीत आमचे सेट बघून दोन-तीन दिंड्यांच्या लोकांनी 'कुठून घेतले माउली' असं विचारलं होतं आणि मी पण फुशारकीने त्या माणसाचा नंबर देऊन टाकला होता, तर आधी त्यांच्यासाठीच लिहितोय की अजून घेतले नसतील तर घेऊ नका. घेतले असतील तर खाली जी टेस्ट सांगतोय ती आजच करून बघा.

आमची दिंडी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथामागे चालते. दोनशेच्या आसपास माणसं, दोन ट्रक, एक पाण्याचा टँकर. वारीत गर्दीमुळे मोबाईल कसा लागतो ते चाललेल्याला माहितीये, टॉवर दिसतो, रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि फोन काही लागत नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमची एक मावशी हडपसरला मागे राहिली ती रात्री दहाला सासवडला सापडली, तेव्हा अण्णा (आमचे दिंडी मालक) म्हणाले की आता वायरलेस पाहिजेच. जुने दोन सेट होते, साधे अ‍ॅनालॉग (आवाज आकड्यांत न बदलता तसाच पाठवणारे), ४४६ मेगाहर्ट्झवाले अर्ध्या वॅटचे, ते टँकर आणि ट्रकवर असायचे. म्हणजे नवीन घ्यायचे ते जुन्यांशी बोलणारे पाहिजेत म्हणून अ‍ॅनालॉग हवं, आणि कोणीतरी डोक्यात घातलं होतं की डिजिटलला आवाज क्लिअर येतो म्हणून डिजिटल पण हवं. आणि स्वस्तात हवं, कारण पैसे भिशीतले.

मी चाकणला कंपनीत आहे म्हणून सगळ्यांना वाटतं मला यातलं कळतं. मला पण वाटत होतं.

शॉपिंग साइटवर एक सेट दिसला, डिजिटल प्लस अ‍ॅनालॉग, ८ वॅट, १० किलोमीटर रेंज, लायसन्स लागत नाही, सगळं ठळक अक्षरात. ३,१०० ला एक. मी विक्रेत्याला प्रश्न विचारला तर त्याने स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला, म्हणाला साइटचं कमिशन कशाला भरता सर, डायरेक्ट घ्या, सहा घेतले तर २,६०० ने देतो, बिल नको असेल तर. इथेच मी माती खाल्ली. बिल नको म्हटलं आणि यूपीआयने १५,६०० पाठवले. सोबत त्याने सरकारी शिक्का असलेली ईटीए (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मंजुरी) सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली, ती मी न वाचता दिंडीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली, खाली दोन हात जोडलेले इमोजी.

सेट आले, दिसायला दणकट. व्हिडिओ कॉलवर त्याने शिकवलं, एक नंबर चॅनल अ‍ॅनालॉग, दोन नंबर डिजिटल. दोन नंबरवर गेलं की स्क्रीनवर वर बारीक अक्षरात डीसीएस येतं. 'बघा सर, डी म्हणजे डिजिटल, आता तुमचं बोलणं बाहेरच्या कोणाला ऐकू जाणार नाही.' मी लगेच जुन्या सेटवरून हॅलो हॅलो करून बघितलं, नवीन सेट गप्प. म्हटलं वा, खरंच डिजिटल! उलटं करून बघायचं, म्हणजे नव्यावरून बोलून जुन्यावर ऐकू येतंय का, हे डोक्यातच आलं नाही, आणि नेमकं तेच बघायला पाहिजे होतं.

मग २०२५ ची वारी. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, त्यात एकादशी, त्यात दिवे घाट. मी सगळ्यांना सांगून ठेवलं की सेट दोन नंबरवरच ठेवा, डिजिटलला रेंज जास्त. घाटाच्या मध्यावर आमचं पाणी संपलं, आम्ही टँकरला बोलावतोय, उत्तर नाही. शेवटी दुसऱ्या दिंडीच्या टँकरने पाणी दिलं, माउलींच्या कृपेने तिथे कोणी नाही म्हणत नाही. संध्याकाळी मुक्कामावर टँकरवाला माझ्यावरच उखडला, म्हणे मी घाटाच्या वर गाडी लावून अर्धा तास ओरडत होतो, तुम्ही ऐकतच नव्हता, आणि तुमचं मात्र मला सगळं ऐकू येत होतं, भगर करायची की साबुदाणा यावरून तुम्ही भांडत होता ते पण.

माझा आतेभाऊ पुण्यात हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला, परीक्षा देऊन लायसन्स काढलेला, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) आहे त्याचं. सासवडला दोन मुक्काम असतात म्हणून दादा दुसऱ्या दिवशी बाईकवर आला. सेट हातात घेऊन दोन मिनिटात हसायला लागला. डीसीएस म्हणजे डिजिटल कोडेड स्क्वेल्च, त्यातलं डिजिटल एवढंच की आवाजाखाली एक बारीक कोड जातो आणि तो कोड आला तरच समोरचा स्पीकर उघडतो. आवाज जातो तो साधा अ‍ॅनालॉगच. म्हणून जुन्या सेटला आमचं सगळं ऐकू येत होतं, आणि जुन्यात कोड नाही म्हणून त्याचं बोलणं आमच्या सेटपर्यंत येऊनही आमचे स्पीकर बंद. प्रायव्हसी वगैरे काही नाही, बाहेरचा कोणीही ऐकू शकतो, आपणच बहिरे होतो.

खऱ्या डिजिटल सेटला, डीएमआर (डिजिटल सेटचा एक प्रकार) असेल तर, मेन्यूत कलर कोड, टाइम स्लॉट, रेडिओ आयडी हे असतंच असतं. आणि टेस्ट सोपी आहे. दोन सेट डिजिटलवर टाका, तिसरा कुठलाही साधा अ‍ॅनालॉग सेट त्याच फ्रिक्वेन्सीला कोडबिड न लावता उघडा ठेवा आणि बोला. खरं डिजिटल असेल तर तिसऱ्यावर मोटर फिरल्यासारखी नुसती घरघर येईल. शब्द कळले तर विषय संपला. आणि नुसतं डिजिटल लिहिलंय म्हणून घेऊ नका, डीएमआर की डीपीएमआर ते नावाने विचारा, ते दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

८ वॅटचं पण तसंच, दादाच्या मीटरवर ४ आले. तो म्हणाला त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस, चारचे आठ केले तरी रेंज थोडीच वाढते, मध्ये डोंगर आला की आठ पण गप्प. १० किलोमीटर म्हणजे हा डोंगरमाथा ते तो डोंगरमाथा.

पण दादा खरा चिडला ते पुढे. त्याने कीपॅडवरून १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मधले वाट्टेल ते आकडे टाकले, सेटने सगळे घेतले. बोलायचं बटण मात्र त्याने दाबलं नाही. आपल्याकडे बिनलायसन्सचं चालतं ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, २०१८ च्या नियमाने, ते पण कमी पॉवरचा सेट असेल तर आणि त्या मॉडेलला ईटीए असेल तर. बाहेर कुठेही चुकून बटण दाबलं गेलं तर पोलिसांच्या किंवा आणखी कोणाच्या वायरलेसमध्ये आपण घुसणार, आणि त्या बंदोबस्तात! मी म्हटलं मग तुझ्या हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर टाकून दे. तर म्हणाला लायसन्स माझं आहे, तुझ्या दिंडीचं नाही. मग ती पीडीएफ उघडली. सर्टिफिकेट असेल खरं, पण त्यावरचं मॉडेल वेगळं आणि बॅटरी काढल्यावर आतल्या लेबलवरचं मॉडेल वेगळं. हे मी घरी एका मिनिटात बघू शकलो असतो.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे डिजिटल म्हणजे डिजिटल डिस्प्ले सर, आणि डीसीएस पण आहे, खोटं काय बोललो? दोन दिवसांनी ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण बिल मागितलं, आणि बिल तर मीच नको म्हटलेलं. वर साइटवरून घेतलेलंच नाही म्हणून साइट पण हात वर करणार. गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्यांसाठी नियमावली काढली होती, फ्रिक्वेन्सी कुठली, लायसन्स लागतं का, ईटीए आहे का हे लिस्टिंगवर दाखवायचं म्हणून. मी सेटमागे ५०० रुपये वाचवायला साइटच सोडली.

आता जुन्यासारखेच अर्ध्या वॅटचे चार अ‍ॅनालॉग घेणार आहोत, बिलासकट, पैसे द्यायच्या आधी मॉडेल नंबर जुळवून. घाटात दर वळणावर एक माणूस उभा केला की निरोप पोचतो, डिजिटलची गरजच नव्हती. ते सहा सेट बॅटऱ्या काढून पेटीत पडलेत. अण्णांनी हिशोबाच्या वहीत टाळ, मृदंगाची शाई, राहुट्यांची दोरी यांच्या खाली 'खेळणी, सहा नग, १५,६००' असं लिहिलंय आणि पुढे कंसात माझं नाव.