घरी शिकणाऱ्या मुलांची दहावी: एनआयओएस की केंब्रिज?

आमची लेक सातवीनंतर घरीच शिकते. गणितात ती वयाच्या बरीच पुढे आहे, मराठी लिहिताना मात्र अडखळते. नौपाड्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही अभ्यासक्रमांची पुस्तकं मांडून आम्ही महिनाभर विचार केला.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, शाळेत न जाता परीक्षा देता येणारं सरकारी मंडळ. त्याच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नोंदणी ५ वर्षं टिकते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तयारी झाली तो विषय आधी द्यायचा, बाकीचे सावकाश. मराठी माध्यमही आहे. स्वाध्यायांना २० टक्के गुण असतात, ते वेळेत द्यायला विसरू नका. लेकीने पहिला गणिताचा स्वाध्याय रेघांच्या कागदावर निळ्या शाईने लिहिला, समास आखून. कुणी तरी तपासणार म्हणून तिने एवढं नेटकं लिहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

केंब्रिजच्या आयजीसीएसईत, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, प्रश्न खोलवर विचार करायला लावतात, हुशार मुलांना ते मनापासून आवडतं. पण खासगी परीक्षार्थी म्हणून बसवून घेणारी संलग्न शाळा आधी शोधावी लागते. ठाणे-नवी मुंबईत फोन करताना दोन ठिकाणी ‘बाहेरची मुलं घेत नाही’ एवढंच ऐकलं. शुल्क विषयागणिक, आणि एनआयओएसच्या कितीतरी पट.

पुढे परदेशी जायचं पक्कं असेल, तर केंब्रिजचा खर्च सार्थकी लागेल. आम्ही एनआयओएस घेतलं. वाचलेल्या वेळात ती ऑलिम्पियाडची गणितं सोडवते.