नाताळची तयारी: दिवाळी उतरताच, आगमनकाळात की 15 डिसेंबरनंतर?

दिवाळीचा माल आवरता आवरता ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या दुकानांत नाताळच्या झिरमिळ्या आणि कागदी स्टार दिसायला लागतात, आणि घरोघरी तोच प्रश्न निघतो: आत्तापासून? ठाणे-नवी मुंबईत सुरुवातीचे तीन मुहूर्त ठरून गेल्यासारखे आहेत. काही घरं भाऊबीज झाली की कामाला लागतात, काही आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारची वाट बघतात, आणि दोघंही नोकरी करणारी बरीच घरं 15 डिसेंबर उजाडल्यावरच हालचाल करतात.

माझं मत आधीच सांगते. तयारीची कामं कितीही लवकर घ्या, पण स्टार, ट्री आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारआधी घरात मांडू नका. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर शेवटच्या आठवड्यात जीव मेटाकुटीला येतो, नाही तर 25 तारीख येईपर्यंत मुलांचा सण संपून गेलेला असतो.

दिवाळी उतरताच

या मुहूर्ताचा सर्वांत मोठा फायदा केकला. काळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल हे सगळं रममध्ये महिनाभर मुरलं की केकला जी चव येते, ती आठवडाभर भिजवून येत नाही. काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा आणि आठवड्यातून एकदा ढवळणं, एवढंच काम. काजू-अक्रोड मात्र बरणीत घालू नयेत, मऊ पडतात; ते केक करायच्या दिवशी घालावेत. वाशीच्या एपीएमसीतून सुकामेवा आणायचा असेल तर दिवाळीच्या भेटींची गर्दी ओसरल्यावर जावं, निवांत बघून घेता येतो. घरात दारू चालत नसेल तर नोव्हेंबरात फळं भिजवायची घाई करू नका. संत्र्याच्या रसात ती फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहतात, पुढे आंबायला लागतात. अशा घरासाठी या मुहूर्ताचं निम्मं कारण तिथेच संपतं.

घरची वाइन करणाऱ्यांना मात्र थांबून चालत नाही. आपल्याकडे ताज्या द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणून नोव्हेंबरात ती काळ्या मनुकांचीच करतात. आंबायला तीन आठवडे आणि गाळल्यावर निवळायला आणखी काही दिवस धरा. डिसेंबरात घातलेली वाइन नाताळच्या जेवणाला गढूळच येते.

दुसरं काम शिंप्याकडचं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि ब्लाउज-सूटांच्या ढिगात आपलं कापड तळाशी जातं. 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) शिवलेले कपडे हवे असतील तर माप नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्या.

तिसरं काम तिकिटाचं, आणि इथे दिवाळीचा हिशेब दरवर्षी वेगळा बसतो. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. 23 डिसेंबरला ठाण्याहून कोकणकन्या किंवा मांडवीने गोव्याला जायचं तर 24 ऑक्टोबरच्या सकाळी तिकिटाला बसावं लागतं. 2025 मध्ये तो दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. 2026 मध्ये लक्ष्मीपूजनच 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांचं तिकीट आधीच गेलेलं असेल.

मांडणीच्या बाबतीतही हाच घोळ आहे. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन आणि आगमनकाळाचा पहिला रविवार यांत 40 दिवस होते. 2026 मध्ये 21 आहेत. कंदील उतरवला त्याच खिळ्याला स्टार टांगायची ज्या घरांत पद्धत आहे, तिथे दिवाळी ऑक्टोबरात आली की स्टार दोन महिने लुकलुकत राहतो. डिसेंबरच्या मध्यावर मुलं त्याच्याकडे बघायचीही बंद होतात. हे मला खरंच नुकसान वाटतं, कारण मुलांना सण कळतो तो आधी वाट बघण्यातून.

लवकर म्हणजे किती लवकर, हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळ कॅथलिक, घरांना विचारावं. नाताळच्या जेवणात पडणारा बॉटल मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरलेला असतो. त्याला कुणीही घाई म्हणत नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार

हा रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. चर्चचा स्वतःचा क्रम बघितला तर मांडणीचा प्रश्न आपोआप सुटतो. या दिवसापासून फादरांची वस्त्रं जांभळी होतात, वेदीवरची फुलं कमी होतात, रविवारच्या मिस्सात गौरवगीत (देवाच्या स्तुतीचं ‘ग्लोरिया’) गायलं जात नाही. ते पुन्हा घुमतं ते 24 तारखेच्या रात्री. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये बसून हा फरक चार आठवडे अनुभवलेल्या माणसाला नोव्हेंबरातली कॅरोल ऐकवत नाहीत.

घरात हे आणायचं तर हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या लावा: तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. दर रविवारी जेवणाआधी एक जास्त पेटते. लहान मुलांना किती आठवडे उरले ते बोटावर मोजावं लागत नाही. स्टार याच दिवशी लावावा. गोठ्याची लाकडं, पेंढा, मेंढ्या हळूहळू मांडाव्यात, बाळ येशूची गव्हाणी मात्र 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. बाळाच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या फळीवरून निघतात आणि 6 जानेवारीला गोठ्याशी पोचतात. ही पद्धत पाळणाऱ्या घरांत 26 तारखेला सण आवरायची घाई नसते, म्हणून ती मला सर्वांत प्रिय आहे.

या मुहूर्ताची अडचण एकच: फक्त यावर विसंबलात तर केक, शिंपी आणि तिकीट, तिन्ही हातचे गेलेले असतात.

15 डिसेंबरनंतर

उशिरा सुरुवात करणाऱ्यांना आळशी ठरवायचं कारण नाही. काही कामं याच पंधरवड्यातली आहेत. गोठ्यातली हिरवळ घ्या. ताटात माती पसरून गहू किंवा नाचणी पेरली, वरून रोज पाणी शिंपडलं, तर आठ-दहा दिवसांत गोठ्याला शोभेल एवढी कोवळी पाती येतात. महिन्याच्या सुरुवातीला पेरलेली पाती नाताळपर्यंत पिवळी पडून आडवी होतात.

फराळाचंही तेच. खाडीकाठची आपली हवा डिसेंबरातही पुरती कोरडी नसते. कलकल (मैद्याचे वळून तळलेले गोड तुकडे) आणि गुलाबाची बिस्किटं (साच्यात तळलेली रोझ कुकीज) घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहतात, नेवऱ्या (करंज्या) त्याहून कमी, आणि ओल्या नारळाचं काहीही शेवटच्या तीन-चार दिवसांतच करावं. डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट सोरपोतेल 22 किंवा 23 ला करून रोज गरम केलं की नाताळच्या दिवशी ते मुरलेलं असतं. 16 तारखेला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. संध्याकाळी चर्च आणि नंतर कलकल वळायला शेजारीपाजारी, असे ते नऊ दिवस भरून जातात.

कुणी काय निवडावं

घरी केक आणि वाइन होत असेल, किंवा गावी जायचं असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मुहूर्त धरा, फक्त सजावटीचा खोका माळ्यावरच राहू द्या. घरात लहान मुलं असतील तर आगमनकाळ सोडू नका, बाकी काही राहिलं तरी चालेल. घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरुळच्या सोसायटीत सगळ्यांसाठी ट्री उभा करायचा असेल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा पुरे.

आणि 15 तारीख उजाडूनही काहीच झालं नसेल तर घरच्या केकचा नाद सोडा. ओळखीतल्या घरगुती बेकरला त्याच दिवशी फोन करा, कारण त्यांच्या ऑर्डरी त्या सुमाराला बंद व्हायला लागतात. कपडे तयार घ्या. गहू पेरा, आणि फराळातला एकच पदार्थ घरी करा. कलकल केलेत तर वळायला मुलंही बसतील.