टारफुला: प्रतिकारक वाण घ्यायचा की बेवड बदलायचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडीकडच्या रानात ओल असूनही ज्वारी दुपारची माना टाकायला लागली, तर आधी मुळाशी बसून बघा. टारफुल्याचं, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं, रोप ढेकळासकट हलक्या हाताने उचललं, की त्याचं पांढरं मूळ ज्वारीच्या मुळाला जिथे डसलंय तिथे बारीक गाठ दिसते. वर यायच्या आधी महिनाभर तरी ते जमिनीखालीच पिकाला शोषत असतं. म्हणून वर दिसल्यावर भांगललं तरी यंदाचं नुकसान फारसं भरून येत नाही, पुढचं बी तेवढं अडतं. ते बीही निपाणीच्या तपकिरीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी धरणारं आणि दहा-दहा वर्षं मातीत जिवंत राहणारं.

प्रतिकारक ज्वारीत दोन तऱ्हा आहेत. टारफुल्याचं बी ज्वारीसारख्या पिकांच्या मुळांतून झिरपणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोन या द्रव्याची चाहूल लागली तरच उगवतं. एसआरएन-३९ या ज्वारीच्या मुळांतून त्याला उठवणारं द्रव्य फारच कमी येतं. याच वाटेवर काम करणाऱ्या इथिओपियाच्या गेबिसा एजेटा या शास्त्रज्ञांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशातल्या एन-१३ या ज्वारीची तऱ्हा वेगळी: बी उगवतं, मूळ चिकटतंही, पण आत घुसताना पेशींच्या जाड भिंती त्याला अडवतात. मला ही जास्त पटते, कारण उगवून आत शिरता न आलेलं बी मरतं, तर न उठलेलं बी तसंच वाट बघत राहतं. दोन्ही गुण एका वाणात आले तर उत्तमच.

‘सहनशील’ वाणापासून मात्र सावध राहा. तो कणीस देतो, पण त्याच्या मुळांवर टारफुलाही सुखाने पोसतो आणि रान बियांनी भरतं. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात बियाणं घेताना किती पिकतं याच्यासोबत हेही विचारा, की टारफुल्याच्या रानात या वाणाखाली टारफुल्याची किती रोपं वर येतात.

सोयाबीन, भुईमूग, कापूस, सूर्यफूल यांचा बेवड (ज्वारीच्या आधी त्याच रानात घेतलेलं पीक) टारफुल्याचं बी उठवतो आणि उपाशी मारतो. एका हंगामात रान साफ होत नाही, दोन-तीन वर्षं चिकाटी लागते. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं तर ज्वारीची मुळं ते द्रव्य आणखी सोडतात, तेव्हा खतातही हयगय नको.

ज्वारीच करायची असेल तर मी वाण आणि बेवड दोन्ही धरीन. उसात टारफुला असेल तर प्रतिकारक वाणाची वाट बघत बसू नका. खोडव्यावर खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटलेला ऊस) ठेवलात तर त्याला वर्षानुवर्षं आयती मुळं मिळतात. खोडवा मोडा, सोयाबीन घ्या. तंबाखूच्या मुळांवर पोसणारा बंबाखू ही तणाची वेगळी जात, तिच्यावर प्रतिकारक ज्वारीचं बियाणं कामाचं नाही. ती फुलायच्या आधीच उपटावी लागते.

आणि फुलावर आलेला टारफुला उपटून बांधावर टाकू नका. रानाबाहेर नेऊन वाळवा आणि जाळा.