कोल्हापुरात भाड्याचं घर शोधताना माझे ७६,५०० रुपये असे गेले

नोकरी बदलून कोल्हापुरात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून हे लिहितेय. भाड्याच्या घराच्या नावाखाली माझे ७६,५०० रुपये गेले. ओटीपी सांगून नाही की कुठल्या लिंकवर बोट ठेवून नाही. माणूस समोर उभा होता, घर समोर होतं, त्याने खिशातून चावी काढून कुलूप उघडलं आणि मला आत नेलं. तेव्हा "न बघता पैसे द्यायचेच कशाला" असं ज्यांच्या ओठांवर आलंय, त्यांनी आधी पुढचं वाचा.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये होते. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम मिळालं, पगार चांगला वाढला, जॉइनिंग २ जूनची ठरली. मुलगा सातवीत जाणार, आई माझ्याबरोबर, आणि यजमानांना नाशिक सोडता येत नव्हतं. म्हणजे घर शोधणं, ठरवणं, सामान हलवणं, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर.

कोल्हापुरात राहायचं कुठं, असं विचारलं की सगळे आधी पुराचं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून काय ते समजा. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्क, दसरा चौकाकडचा भाग मी शोधातून आधीच वगळला. ज्यांची नोकरी शिरोलीला आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: शहरात घर घेतलं तर रोज नदी ओलांडावी लागते, आणि २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी होतं. माझी कंपनी दक्षिणेला, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. उचगाव, उजळाईवाडी, आर. के. नगर, विद्यापीठाच्या आसपास, राजारामपुरी, एवढ्या भागात शोध सुरू केला. राजारामपुरीत शाळा, क्लास, बाजार सगळं जवळ, पण भाडं झेपणारं नव्हतं. पाणी एक दिवसाआड येतं की रोज, टँकर लागतो का, केएमटी (शहर बस) कुठून मिळते, रात्री आठला बाई माणूस एकटी येऊ शकते का, सगळं खोदून खोदून विचारलं. ऑफिसमधल्यांना विचारलं, नात्यातल्यांना विचारलं. मालकाची कागदं बघ, असं त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. भाग चांगला आहे ना, मग घे, एवढंच प्रत्येक जण सांगत होता.

शेवटी जाहिरातीच्या एका साइटवर, शहराच्या हद्दीला लागून असलेल्या एका उपनगरात टू बीएचके सापडला. सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खऱ्या मालकाचा यात काही दोष नाही. भाडं ११,५००, डिपॉझिट ५०,०००. हा दर स्वस्त नव्हता, त्या भागात तोच चालू होता. पाच-सहा हजारांत फ्लॅट देतो म्हणाला असता तर मी तिथूनच परत फिरले असते.

माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. फ्लॅट मामांचा, मामा पुण्याला, इथला व्यवहार सगळा मीच बघतो, असं त्याने सांगितलं. "काय विषय नाही ताई, बिनघोर राहा. पुराचं पाणी इकडं कधी येत नाही आणि शेजार एकदम घरगुती आहे." स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो त्याने स्वतःहून दाखवला आणि माझ्यासमोर प्लंबरला फोन लावून "परवापर्यंत वायसर बदलून टाक" म्हणून दम दिला. आईला म्हणाला, "काकू, देवघराला पूर्वेची भिंत ठेवली आहे बघा." फसवायला आलेला माणूस गळका नळ स्वतः कशाला दाखवेल? माझ्या जागी कुणीही असता तरी त्याचा विश्वास बसला असता.

आता खाली उतरल्यावर जे घडलं ते सांगते. ते आठवलं की आजही डोकं तापतं. जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या आणि त्या फ्लॅटच्या मीटरमागे महावितरणचं बिल घडी करून खोचलेलं होतं. मी ते ओढून काढलं, उलगडलं. मामांचं जे आडनाव त्याने सांगितलं होतं ते त्यावर नव्हतं, दुसरंच होतं. मी विचारलं, "हे नाव कुणाचं?" त्याने बिल माझ्या हातातून काढून घेतलं, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "आधीच्या मालकाचं. नाव बदलायला टाकलंय, ऑफिसातली कामं तुम्हाला माहितीच आहेत की." आणि लगेच पार्किंगकडे वळला, "स्कूटी इथं लावायची बघा, ही जागा आपलीच."

त्याने बिलाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. कुणाचं नाव आहे हे न वाचताच ते आधीच्या मालकाचं म्हणून मोकळा झाला. ते बिल त्याच्या खिशात जाताना मी बघत उभी होते, आणि त्यावरचं नाव हेच खऱ्या मालकाचं नाव होतं. त्या एका कागदावर माझे ७६,५०० रुपये वाचले असते. पण मला सांगा, आपल्याकडे किती घरांची लाईट बिलं चालू मालकाच्या नावावर येतात? आमच्या नाशिकच्या घराचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येतं आणि त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली. हे घरोघरी चालतं. त्याला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याची जीभ एकदाही अडखळली नाही.

पैसे असे गेले. टोकन ५,००० त्याच दिवशी यूपीआयने. मग डिपॉझिटचे उरलेले ४५,०००, त्यातले २५,००० यूपीआयने आणि २०,००० रोख, कारण काय तर रंगाऱ्याला रोख द्यायचे आहेत. पहिल्या महिन्याचं भाडं ११,५०० यूपीआयने. एजंटचं कमिशन म्हणून एक भाडं, ११,५०० रोख, आणि तो एजंट मला कधी दिसलाच नाही. करारनामा आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे ३,५०० रोख. म्हणजे ४१,५०० चा पुरावा माझ्याकडे आहे आणि ३५,००० ची फक्त त्याने हाताने लिहिलेली पावती. रोख मागितले की तिथंच उठा. कारण कितीही पटणारं असलं तरी उठा.

करारनामा कसा, तर ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून, चावी देताना हातात मिळेल. मी रजिस्टर कराराचं विचारलं होतं. "अकरा महिन्यांसाठी कोण रजिस्टर करतंय ताई, उगाच खर्च" असं उत्तर मिळालं, आणि माझ्या ओळखीच्या दोघांनीही तेच सांगितलं. साफ चूक आहे हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्याने राहण्याचा करार) असला तरी तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी घरी बसून ऑनलाइन होते, पण त्यासाठी मालकाचाही आधारवर अंगठा लागतो. मामांचा अंगठा तो कुठून आणणार होता? म्हणून नोटरी, नोटरी चाललं होतं.

१ जूनला सकाळी नाशिकहून सामान आलं. ट्रकचे १८,००० वेगळे. पाऊस लागलेला, गाद्या ताडपत्रीखाली, आई ड्रायव्हरशेजारी बसलेली. दाराला दुसरंच कुलूप. फोन बंद. मी जिन्यात उभी असताना खाली एक छोटा हत्ती येऊन थांबला, त्यातून सोलापूरचं एक जोडपं उतरलं, आणि त्यांनी सांगितलेला फ्लॅट नंबर माझाच होता. त्यांचे ४०,००० गेले होते. दुपारी गडहिंग्लजचा एक मुलगा बॅग घेऊन आला, त्याचे २५,०००. तिघांचे मिळून १,४१,५००, एकाच फ्लॅटवर.

खरे मालक संध्याकाळी पुण्याहून आले. तो माणूस त्यांचा भाचा वगैरे कुणी नव्हता, भाडेकरू होता. त्याचा करार ३१ मेला संपणार होता, चार महिन्यांचं भाडं त्याने त्यांनाही दिलेलं नव्हतं, आणि जाता जाता तोच फ्लॅट आम्हा तिघांना देऊन गेला होता. बिलावरचं नाव या काकांचं. त्यांनी बिचाऱ्यांनी आमचं सामान पार्किंगमध्ये ठेवू दिलं आणि आईला वर नेऊन चहा दिला.

आणि आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात सांगितलं, ही सोसायटी आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे शहरात दिलेत ना, मग शहरात जा. कोल्हापुरात हद्दवाढीची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, ठीक आहे, पण गुन्हा नोंदवायला हद्द आडवी कशी येते? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. मी हे मोबाईलवर उघडून दाखवलं. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." मग, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा आणि कोर्टात जा. ज्याचा त्या घरावर काडीचा हक्क नाही त्याने मालकाचा भाचा असल्याचं खोटं सांगून तिघांकडून पैसे घेतले, ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? शेवटी "तक्रार अर्ज द्या, चौकशी करतो" म्हणत अर्जावर शिक्का मारून दिला. सोलापूरच्या ताई कडेवरच्या लेकराला घेऊन तिथं बाकावर बसलेल्या होत्या, त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदवली गेली. पण पैसे देऊन बरेच दिवस उलटले होते. या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन होईल तितकी समोरच्या खात्यातले पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. पुढे तीच तक्रार ठाण्यात आली तेव्हा तिथले म्हणाले, माणूस समोर होता म्हणजे हा सायबर गुन्हा नव्हे. आणि समोर होता म्हणून साधा गुन्हा नोंदवा म्हटलं तर म्हणतात यूपीआय आहे, सायबरला जा. बँकेत गेले तर, "पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडून काही होणार नाही." ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याला नाव आहे, पत्ता आहे, केवायसी आहे. माणूस शोधायला एक दिवस पुरे आहे. पण शोधायचा कुणी? जाहिरातीच्या साइटवाल्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, व्यवहाराची जबाबदारी आमची नाही.

ठाण्यात दाद लागत नसेल तर तोंडी भांडत बसू नका. सगळा मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तशी तरतूद त्याच कलम १७३ मध्ये आहे, आणि तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आम्ही तिघांनी वेगवेगळे अर्ज पाठवले आहेत आणि प्रत्येकात बाकी दोघांचा उल्लेख केलाय, म्हणजे एकट्याचं भांडण म्हणून कुणाला बाजूला सारता येणार नाही.

घर बघायला जाताना इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागा. शहरात असेल तर घरफाळ्याची पावती, ग्रामपंचायतीत असेल तर नमुना आठचा उतारा. त्यावरचं नाव, लाईट बिलावरचं नाव आणि पैसे जाणाऱ्या खात्याचं नाव जुळलं पाहिजे. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं, ते वाचा. मालक बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉल लावायला सांगा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन भेटाच. दाखवणाऱ्याला बरोबर न नेता भेटा. समोरच्या दारातल्या काकू मला नंतर म्हणाल्या, "अगं, तो तर भाडेकरूच होता, मला विचारायचं नाहीस का?" त्याने मला त्या दारासमोर क्षणभरही थांबू दिलं नव्हतं, हे आता कळतंय. कंपनीच्या एचआरला सांगून पहिले पंधरा-वीस दिवस गेस्ट हाऊस मागून घ्या, नाहीतर लेडीज हॉस्टेल, पेइंग गेस्ट, काहीही चालेल, पण जॉइनिंगच्या तारखेआधी घर पक्कं करायची घाई करू नका. मे-जूनमध्ये शाळा तोंडावर असतात, माणूस अडलेला असतो, आणि ही मंडळी त्याच हंगामावर टपून असतात.

सध्या आम्ही उचगावात एका खोलीत आहोत, करार रजिस्टर केलेला. निम्मं सामान अजून खोक्यांत आहे.

गेल्या आठवड्यात त्याच साइटवर पुन्हा तशीच जाहिरात दिसली. या वेळी कळंब्याकडचा फ्लॅट, डिपॉझिट ६०,०००, फोन नंबर वेगळा, पण मजकूर शब्दन् शब्द तोच, "शेजार घरगुती" सुद्धा. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून मी ठाण्यात नेऊन दिली. ती आधीच्या अर्जाला जोडायची की नवा अर्ज घ्यायचा, हे साहेब आल्यावर सांगतो म्हणाले.