मिक्सरची टेप की गर्दीतली टेप?

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम दोन्ही रूपांत मिळतो: माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून थेट घेतलेली टेप, आणि श्रोत्यांत माइक धरून केलेली टेप. मिक्सरच्या टेपमध्ये बासचा एकेक सूर सुटा लागतो. पण हॉल लहान असला की गिटारचे अँप्लिफायर स्टेजवरूनच दणकतात, मिक्सरवर त्यांना खाली ठेवतात. टेपवर मग गळा पुढे, गिटार मागे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या तमाशाचंही तेच: ढोलकीला माइकच नसेल तर मिक्सरच्या टेपवर ती येणार कुठून?

गर्दीतल्या टेपमध्ये बास गढूळ, शेजारच्याचा खोकला फुकट. तरी वाद्यांचं आपसातलं माप हिच्यात खरं, म्हणून रात्री हेडफोनवर हीच. जळगावच्या मे महिन्यात कूलर घरघरत असताना मात्र मिक्सरचीच लावा.

दोन्ही मिसळायच्या असतील तर आधी वेग जुळवा. १ टक्का फरक म्हणजे १० मिनिटांत ६ सेकंदांची सरक. मग उशीर काढा. माइक स्पीकरपासून २० मीटरवर असेल तर आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. गर्दीचा ट्रॅक तेवढा अलीकडे ओढा, नाहीतर स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा वाजतो.